राज्यघटना आणि आपला सीमाभाग
(रविवारच्या शाळेच्या शिक्षकांसाठी अभ्यासलेख)

गेल्या नोव्हेंबरात २६ तारखेच्या आधीच्या रविवारी आम्ही आमच्या मंडळीतील रविवारच्या शाळेच्या मोठ्या वर्गापुढे राज्यघटनेविषयी थोडे बोललो. घटना समिती, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, १९५० सालचा पहिला प्रजासत्ताक दिन, हे सर्व नेहमीप्रमाणे सांगून झाले. प्रार्थना करून वर्ग सोडणार तोच नववीतल्या एका मुलाने हात वर केला. "सर, आपल्या बीदरकडून कोण गेलं होतं घटना लिहायला?" आम्ही म्हणालो, "हैदराबादचे सभासद होते की त्यात. त्यांतच आपल्याकडचे कोणीतरी असतील." मुलाचे समाधान झाले. आमचे मात्र झाले नाही. घरी येऊन पुस्तके उघडली तेव्हा आमचे उत्तर साफ चुकीचे असल्याचे आढळून आले.

घटना समितीत बीदरचा, गुलबर्ग्याचा, किंबहुना साऱ्या हैदराबाद संस्थानाचा एकही प्रतिनिधी बसला नव्हता. संस्थानाच्या वाट्याच्या जागा शेवटपर्यंत रिकाम्या राहिल्या. म्हैसूरचे लोक तेथे होते, मुंबई इलाख्याचे होते, त्रावणकोरचे होते, आपण नव्हतो. ज्या कायद्याखाली आज आपण मत देतो, शाळा चालवितो, उपासनेस जमतो, तो लिहिला जात असताना आपली खुर्ची रिकामी होती. मग तो कायदा आपला कसा झाला? मुलाच्या प्रश्नाचा खरा अर्थ हाच होता, आणि प्रस्तुत लेख त्याच्याच उत्तरासाठी लिहीत आहोत.

घटना कशी तयार झाली

प्रथम दिल्लीकडचा वृत्तांत थोडक्यात पाहू, कारण तो पाठ्यपुस्तकांत मिळतो. घटना समितीची पहिली बैठक ९ डिसेंबर १९४६ रोजी भरली. पंडित नेहरूंनी मांडलेला उद्दिष्टांचा ठराव २२ जानेवारी १९४७ रोजी संमत झाला. स्वातंत्र्यानंतर लगेच, २९ ऑगस्ट १९४७ रोजी, मसुदा समिती नेमण्यात आली व डॉ. आंबेडकर तिचे अध्यक्ष झाले. फेब्रुवारी १९४८ मध्ये जो मसुदा लोकांपुढे ठेवला गेला त्यात ३१५ कलमे होती. अखेरीस ती ३९५ झाली. मसुद्यावर सात हजारांहून अधिक दुरुस्त्या आल्या आणि त्यांपैकी २४७३ प्रत्यक्ष चर्चेस घेतल्या गेल्या. २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकृत झाली आणि २६ जानेवारी १९५० पासून अमलात आली.

घटनेचा बराचसा सांगाडा १९३५ च्या कायद्यातून आला, मंत्रिमंडळाची पद्धत इंग्लंडची, मूलभूत हक्कांची कल्पना अमेरिकेची, धोरणाची मार्गदर्शक तत्त्वे आयर्लंडची, असे नेहमी सांगितले जाते व ते खरे आहे. पण त्यावरून ही उसनवारी आहे असा निष्कर्ष काही लोक काढतात तो आम्हांस पटत नाही. २४७३ दुरुस्त्यांचा विचार करून जे उरते ते उसने म्हणता येत नाही. शिवाय अस्पृश्यता नष्ट करणारे १७ वे कलम कोठून उसने आणणार? ते दुःख येथलेच होते.

शिक्षकांनी एक नाव मुलांना अवश्य सांगावे. डॉ. एच. सी. मुखर्जी हे कलकत्ता विद्यापीठातील इंग्रजीचे प्राध्यापक, बंगालमधील ख्रिस्ती गृहस्थ. ते घटना समितीचे उपाध्यक्ष होते व अल्पसंख्याकांच्या उपसमितीचे अध्यक्षही होते. डिसेंबर १९४८ मध्ये धर्मस्वातंत्र्याच्या कलमावर चर्चा झाली तेव्हा अध्यक्षस्थानी तेच होते. ते कलम आज २५ वे म्हणून ओळखले जाते. धर्म मानणे, आचरणे यांबरोबर त्याचा 'प्रसार' करणे हाही हक्क असावा की नाही यावर तेथे कडाक्याचा वाद झाला. तो शब्द काढून टाकावा असे म्हणणारे सभासद होते. तो राहावा म्हणून बोलणाऱ्यांत श्री. कन्हैयालाल मुनशी आणि श्री. टी. टी. कृष्णमाचारी होते, आणि हे दोघेही ख्रिस्ती नव्हते. शब्द राहिला. आपली पत्रके, आपल्या सभा, आपले हे मासिकदेखील त्या एका शब्दाच्या आधाराने चालते. मात्र त्याची मर्यादाही शिकवली पाहिजे: सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात असा निर्णय दिला की, आपल्या धर्माची तत्त्वे सांगणे म्हणजे प्रसार, दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क त्यात येत नाही. ज्याचे त्याने आपल्या विवेकाने ठरवायचे. तसे पाहता शुभवर्तमान ऐकणाऱ्यावर जबरदस्ती करणे आपल्यालाही मान्य नाही, तेव्हा या निकालाने निदान आमची झोप उडाली नाही. तो निकाल हाती घेऊन साध्या प्रार्थनासभेलाही जे हरकत घेतात त्यांची गोष्ट वेगळी.

त्याच डॉ. मुखर्जींनी मे १९४९ मध्ये धार्मिक अल्पसंख्याकांसाठीच्या राखीव जागा सोडून देण्यास पाठिंबा दिला. बहुसंख्याकांच्या सद्‌भावनेवर विश्वास ठेवून राहावे, असा त्यांचा विचार होता. तो शहाणपणाचा होता काय, याविषयी आमच्यात अजून मतभेद होतात. आमचे मत विचाराल तर तो विश्वास टाकणे योग्यच होते. मात्र त्याची किंमत मोठ्या शहरांतील सुशिक्षित ख्रिस्ती कुटुंबांपेक्षा खेड्यातल्या गरीब मंडळ्यांना अधिक पडली. याकडे पुढे वळू.

आपल्याकडे काय चालले होते

दिल्लीत कलमांवर चर्चा चालू असताना आपल्या जिल्ह्यांत काय चालले होते ते वाचताना अंगावर काटा येतो. निजामाने १५ ऑगस्ट १९४७ रोजी भारतात सामील होण्याचे नाकारले. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी एक वर्षासाठी 'जैसे थे' करार झाला, परंतु रझाकारांच्या जुलमाने तो करार कागदावरच राहिला. मे १९४८ मध्ये बसवकल्याणजवळील गोरटा गावी झालेले हत्याकांड आपल्या भागातील वृद्ध लोक अलीकडेपर्यंत सांगत असत. १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले, १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली, आणि मेजर जनरल चौधरी लष्करी गव्हर्नर झाले. आज सीमेच्या या बाजूला १७ सप्टेंबर 'कल्याण कर्नाटक उत्सव' म्हणून व त्या बाजूला 'मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन' म्हणून पाळतात. दिवस एकच आहे.

परंतु तेथेच गोष्ट संपत नाही, आणि संपली असे मुलांना शिकवू नये. सैन्य आल्यानंतरच्या दिवसांत सूडाची लाट उसळली आणि गावोगाव निरपराध मुसलमान मारले गेले. भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखाली पाहणीसाठी माणसे पाठविली. त्यांच्या अहवालात सर्वांत अधिक झळ पोचलेले म्हणून चार जिल्हे नोंदले आहेत: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. मृतांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. हा अहवाल दडून राहिला होता. अभ्यासकांना तो २०१३ च्या सुमारास पाहावयास मिळाला. आमच्या घरातील वडील मंडळी पहिली हकीकत मोठ्या आवाजात सांगत. दुसरी निघाली की आवाज खाली येई. आज आम्हांला वाटते, अल्पसंख्याकाचे रक्षण करणारी कलमे का लागतात हे आपल्या भागाला दोनदा शिकवले गेले, एकदा एका बाजूने आणि लगेच दुसऱ्या बाजूने. ख्रिस्ती जनांनी ही दोन्ही दुःखे एकाच मापाने मोजावीत.

नोव्हेंबर १९४९ च्या शेवटच्या आठवड्यात निजामाने फर्मान काढले की, भारताची घटना हीच हैदराबादचीही घटना राहील. कायद्याच्या दृष्टीने एवढे पुरेसे होते. ज्याचा शब्द हाच कायदा, त्याने शेवटचा शब्द काढून स्वतःला कायद्याखाली घातले. अनुवादाच्या सतराव्या अध्यायाच्या शेवटी राजाविषयी जो नियम आहे तो शिक्षकांनी या ठिकाणी मुलांना वाचून दाखवावा: राजाने नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून घ्यावी, ती जन्मभर वाचावी, आणि आपल्या भाऊबंदांपेक्षा स्वतःस मोठे समजू नये. २६ जानेवारी १९५० रोजी निजाम 'राजप्रमुख' झाला. म्हणजे राज्याचा प्रमुख तोच, पण आता घटनेने बांधलेला. मुख्यमंत्री म्हणून श्री. वेल्लोडी या सनदी अधिकाऱ्यास नेमण्यात आले होते, कारण निवडणूक अद्याप झाली नव्हती.

फर्मानाने राज्य घटनेखाली आले, पण लोकांची संमती फर्मानाने मिळत नाही. ती मिळाली १९५२ च्या निवडणुकीत. एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक स्त्रीपुरुषास मत होते, जमीन असो वा नसो, अक्षर येवो वा न येवो. गुलबर्ग्याहून लोकसभेवर स्वामी रामानंद तीर्थ निवडून गेले, ज्यांनी संस्थानातील लढ्याचे नेतृत्व केले होते. आणि बीदरहून? डॉ. शौकतुल्ला शाह अन्सारी. एवढा रक्तपात होऊन साडेतीन वर्षेही लोटली नव्हती, आणि बीदरच्या मतदारांनी एका मुसलमान गृहस्थास दिल्लीस पाठविले. हे वाचले तेव्हा आम्ही पुस्तक मिटून काही वेळ स्वस्थ बसलो. घटना समितीतील रिकाम्या खुर्चीचे उत्तर आम्हांस येथे मिळाले.

राज्यकारभाराची रचना

आता रचना. मुलांना 'विधिमंडळ, कार्यकारी मंडळ, न्यायमंडळ' ही तीन नावे पाठ असतात, परंतु आपल्या गावाशी त्यांची सांगड घालता येत नाही. म्हणून गावापासून सुरुवात करावी. १९९२ च्या ७३ व्या दुरुस्तीने ग्रामपंचायतीस घटनेत स्थान मिळाले, आणि ग्रामसभा म्हणजे गावातील सर्व मतदारांची सभा झाली. ग्रामसभेस आपली किती माणसे जातात? बंधुभगिनींनो, मंडळीच्या वार्षिक सभेस जितकी येतात त्याहूनही कमी.

त्यावर विधानसभा. कर्नाटकाच्या विधानसभेत २२४ जागा आहेत, शिवाय ७५ सभासदांची विधान परिषद आहे. लोकसभेवर राज्यातून २८ सभासद जातात. येथे एक गमतीची गोष्ट आहे जी मोठ्यांनाही माहीत नसते. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेप्रमाणे आळंद व चिंचोळी ही दोन विधानसभा क्षेत्रे कलबुर्गी जिल्ह्यात असूनही लोकसभेसाठी बीदर मतदारसंघात मोडतात. म्हणजे आळंदच्या माणसाचा जिल्हाधिकारी कलबुर्गीला आणि खासदार बीदरचा. आमच्या ओळखीच्या एका शिक्षकाने कित्येक वर्षे मुलांना चुकीच्या खासदाराचे नाव सांगितले होते. त्यांना हसण्याचा हक्क आम्हांस नाही, हे लेखाच्या आरंभीच कबूल केले आहे.

केंद्राकडे काय आणि राज्याकडे काय, हे सातव्या परिशिष्टातील तीन याद्यांत सांगितले आहे. मूळ घटनेत केंद्राच्या यादीत ९७, राज्याच्या यादीत ६६ व दोघांच्या सामाईक यादीत ४७ विषय होते. रेल्वे केंद्राची: बीदर–कलबुर्गी लोहमार्गाची वाट आपण किती वर्षे पाहिली आणि तो २०१७ साली पुरा झाला, त्याचा हिशेब दिल्लीला विचारावयाचा. पोलीस, जमीन, दवाखाने राज्याचे. शिक्षण आधी राज्याचे होते. १९७६ च्या ४२ व्या दुरुस्तीने ते सामाईक झाले. आणि मांजरा नदी? ती बीड जिल्ह्यात उगम पावते, लातूर, बीदर करीत तेलंगणात जाऊन गोदावरीस मिळते. तिला कोणते राज्य माहीत नाही. अशा पाण्याच्या तंट्यांसाठी घटनेने २६२ वे कलम ठेवले आहे, आणि त्यान्वये केलेल्या कायद्याखाली नेमलेल्या गोदावरी लवादाने १९८० साली आपला निवाडा दिला.

निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयास दहांवर, पन्नासांवर, शंभरांवर व हजारांवर नायक नेमण्याचा सल्ला देतो. काम वाटून द्यावे, फक्त अवघड प्रकरणे वर आणावीत. पंचायतीपासून संसदेपर्यंतची उतरंड समजावण्यास हा उतारा सोयीचा आहे. मात्र मोशेचे नायक नेमलेले होते आणि आपले निवडलेले आहेत, हा फरक मुलांपुढे झाकू नये. तसेच मंत्रिमंडळ विधानसभेस रोज जबाबदार असते हेही सांगावे. राष्ट्रपती राजवटीचा उपयोग राज्य सरकारे सहज बरखास्त करण्याकडे होऊ लागला तेव्हा त्यास लगाम बसला तो आपल्याच राज्याच्या एका प्रकरणाने. श्री. एस. आर. बोम्मई यांचे सरकार एप्रिल १९८९ मध्ये बरखास्त झाले. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी सांगितले की, बहुमत राज्यपालाच्या दिवाणखान्यात ठरावयाचे नाही, ते विधानसभेत ठरावयाचे.

न्यायालयांकडे येऊ. मूलभूत हक्क मोडला तर सरळ सर्वोच्च न्यायालयात जाता येईल, या ३२ व्या कलमाला डॉ. आंबेडकर घटनेचा आत्मा मानीत. उच्च न्यायालयास तसाच, किंबहुना अधिक विस्तृत, अधिकार २२६ व्या कलमाने दिला आहे. पण हक्क असणे निराळे आणि तो मागण्यास बंगळूरपर्यंत सहाशे किलोमीटरांहून अधिक प्रवास करणे निराळे. २००८ साली कलबुर्गीस उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ आले व २०१३ पासून ते कायम झाले. औरादचा गरीब माणूस सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकेल एवढ्या अंतरावर तेव्हा प्रथमच घटना आली, असे आम्ही म्हणू.

संसदेला घटना बदलता येते. २०२३ पर्यंत १०६ दुरुस्त्या झाल्या. परंतु तिचा मूळ पाया संसदेलाही काढता येत नाही, असे १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात तेरा न्यायाधीशांपैकी सातांनी ठरविले. तो खटला आणणारे स्वामी कासरगोडजवळच्या मठाचे प्रमुख, तेही आपल्यासारखे सीमाभागातलेच.

एक जिल्हा, तीन कलमे

आता आमच्या अभ्यासात आम्हांस सर्वांत नवल वाटलेली बाब. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली. राज्याच्या सीमा बदलण्याचा अधिकार तिसऱ्या कलमाने संसदेस दिला आहे, त्याखाली हे झाले. जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे पडले. उदगीर, निलंगा व अहमदपूर तालुके मुंबई राज्यात गेले, पुढे ते महाराष्ट्रात आले व १९८२ पासून लातूर जिल्ह्यात आहेत. नारायणखेड व झहीराबादकडील भाग आंध्रात गेला, आता तेलंगणात आहे. बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात आले. जावा आणि सासरे, बहीण आणि भाऊ, मंडळी आणि तिची शाखा, यांच्यामधून रेषा गेल्या.

हा सारा मुलूख मागासलेला, म्हणून प्रत्येक तुकड्यासाठी घटनेत खास तरतूद करावी लागली. महाराष्ट्राच्या बाजूस ३७१ वे कलम, ज्याखाली १९९४ साली मराठवाड्यासाठी विकास मंडळ स्थापन झाले व ज्याची मुदत २०२० साली संपली. आंध्र-तेलंगणाच्या बाजूस १९७३ सालचे ३७१-ड. आणि आपल्या बाजूस ९८ व्या दुरुस्तीने २०१३ साली आलेले ३७१-जे. एका जिल्ह्यातील लोक तीन कलमांचे झाले. ३७१-जे मुळे कल्याण कर्नाटकातील उच्च शिक्षणसंस्थांत ७० टक्के व राज्यात इतरत्र ८ टक्के जागा येथील मुलांसाठी राखीव ठेवण्यात आल्या. नोकऱ्यांतही वाटा मिळाला.

आमच्या मंडळीतील एका भगिनीचे माहेर उदगीरकडचे. रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी झाले. मुलगा बारावी झाला, चांगले गुण पडले, आणि ३७१-जे चा दाखला काढावयास गेला तेव्हा कचेरीतील कारकुनाने सांगितले, "जन्म महाराष्ट्रातला आहे, दाखला मिळणार नाही." भगिनी रडत पाळकांकडे आली. पाळकांनी आम्हांस बोलाविले. कलम काढून पाहिले. त्यात 'जन्माने किंवा रहिवासाने' असे आहे. सारे गणित त्या 'किंवा' वर होते. शाळेचे दाखले, घरपट्टीच्या पावत्या, वडिलांचे कागद, सारे घेऊन ती माउली पुन्हा गेली. तिला मोठे बोलता येत नाही. तिने एवढेच म्हटले, "साहेब, तो दुसरा शब्द वाचा." तीन खेपा झाल्या, पण दाखला मिळाला. प्रेषितांच्या कृत्यांच्या बाविसाव्या अध्यायात फटके बसण्यापूर्वी पौलाने शताधिपतीस शांतपणे एक प्रश्न विचारला, तो येथे आठवतो. पौलाला आपला हक्क ठाऊक होता आणि तो वेळेवर बोलला.

आपल्या भाषेसंबंधीही दोन शब्द. कर्नाटकात आपण मराठी बोलणारे भाषिक अल्पसंख्याक आहोत. १९५६ च्या सातव्या दुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. अशा मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी असे ते सांगते. ३० वे कलम धर्माच्या व भाषेच्या, दोन्ही अल्पसंख्याकांना आपल्या शाळा काढण्याचा हक्क देते. सीमेच्या तंट्याविषयी आम्ही येथे बाजू घेत नाही. १९६७ च्या महाजन अहवालानंतरही तो मिटला नाही, आणि महाराष्ट्राने २००४ साली १३१ व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. राज्याराज्यांतील भांडण दगडांनी न सोडविता दाव्याने सोडवावे, यासाठीच ते कलम आहे. बसगाड्यांना काळे फासणाऱ्या दोन्हीकडच्या तरुणांना हे कोणी सांगावे?

जी गोष्ट आपल्यात कोणी मोठ्याने बोलत नाही

वर ज्या किमतीचा उल्लेख केला ती अशी. अस्पृश्यता १७ व्या कलमाने गेली. पण १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींविषयीचा जो आदेश काढला त्यात हिंदूंखेरीज इतरांना त्या यादीत धरू नये असे ठरले. १९५६ साली शीख व १९९० साली बौद्ध बांधवांसाठी तो बदलण्यात आला. ख्रिस्ती लोकांचा समावेश त्या बदलांत झाला नाही. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील मंडळ्यांचा मोठा भाग ज्या वस्त्यांतून आला त्या आपल्याला ठाऊक आहेत. पाणवठा वेगळा होता तो बाप्तिस्म्यानंतरही वेगळाच राहिला. मात्र कागदावर तो भेद संपला असे गृहीत धरले गेले. मागासवर्गीयांच्या यादीत स्थान मिळते, पण ते निराळे आणि तोकडे. २००७ साली रंगनाथ मिश्र आयोगाने ही धर्माची अट काढावी अशी शिफारस केली होती.

परिणामी आपल्या तरुणांची दोन नावे झाली, एक मंडळीच्या नोंदवहीत आणि एक शाळेच्या दाखल्यावर. काही उपदेशक व्यासपीठावरून त्यांना खोटे म्हणतात. आम्ही म्हणत नाही. ज्यांच्या पोटाला चिमटा बसलेला नाही त्यांनी त्या मुलांवर पहिला धोंडा उचलू नये. त्याचबरोबर हेही सांगणे भाग आहे की, खोट्या दाखल्यावर उभारलेली नोकरी एका तक्रारीने जाऊ शकते, आणि तशी गेलेली घरे आम्ही पाहिली आहेत. हा प्रश्न चोरवाटेने सुटणार नाही. तो संसदेत व न्यायालयात मागावा लागेल, जसा पौलाने फेस्तापुढे उभे राहून कैसराकडे दाद मागितली. डॉ. आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात इशारा दिला होता की, मतपेटीपाशी सारे समान आणि जीवनात मात्र विषमता, ही विसंगती फार काळ ठेवली तर सारी इमारत धोक्यात येईल. आमच्या वस्तीत उभे राहून ते भाषण वाचले तर त्यातले एकही वाक्य जुने वाटत नाही.

पुढच्या रविवारी आम्ही त्या नववीतल्या मुलापुढे आपली चूक कबूल केली. फळ्यावर १९५६ पूर्वीचा बीदर जिल्हा काढला आणि तीन रंगांच्या खडूंनी त्याचे तीन भाग दाखविले. मुलाने निलंग्याच्या बाजूला बोट ठेवून आपले आजोळ दाखविले. मग विचारले, "१९५२ ला आमच्या घरातून कोणी मत दिलं असेल का?" आम्ही म्हणालो, आजोबांना विचारून ये.

त्याने विचारून आणले. आजोबा तेव्हा सात-आठ वर्षांचे होते. वडिलांबरोबर बैलगाडीतून मतदानाच्या गावी गेल्याचे त्यांना आठवते. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे व पेटीवर चिन्हाचे चित्र असे. पणजोबा पडद्याआड गेले आणि थोड्या वेळाने बाहेर आले. कोणत्या पेटीत कागद टाकला हे त्यांनी घरी शेवटपर्यंत कोणालाही सांगितले नाही.